निळी बॅग कुणाची

हॅलो? … हां, ठकू, बोल. … आत आलो गं. तपासणी झाली, आता एका हाताने बुटाची नाडी बांधतोय. … नाही, ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे.

… बरं, ओरडतोय. नाही तर काय करू? सकाळपासून या विमानतळाने माझं डोकं फिरवलंय. … ते सांगतो, आधी तू सांग. सलाईन लावलं? … दुखतंय का? … आणि बाळ अजून पायाळूच? वळलं नाही? … म्हणजे उद्या नक्की पोट उघडणार. किती वाजता? … आठ. बरं. मी आजच दुपारपर्यंत तुझ्या खाटेपाशी असेन.

… पोचतो म्हणजे पोचतो. यानंतरचं विमान थेट परवा आहे, मला माहीत आहे ते. म्हणून तर तीन तास आधी येऊन बसलोय. तुझ्या आईच्या हिशेबाने.

… हो, गोळी घेतली. … खाल्लं. इथे एक पाव मिळतो, कागदात गुंडाळलेला. बाहेरून चटका बसतो आणि आत बर्फ. बाईला म्हटलं, हा कुठल्या बाजूने खायचा? … काही नाही, नॅपकिन दिला तिने.

अगं ऐक ना. ऐक. यांचा काटा चुकतोय. … वजनकाटा गं. बॅग ठेवतात तो पट्टा असतो ना, त्याच्या खालचा. रिकाम्या पट्ट्यावर सातशे ग्रॅम दाखवत होता. … रिकाम्या. वर माशीही बसलेली नाही आणि सातशे ग्रॅम. … बोललो ना. चाळीस वर्षं काटे दुरुस्त करून पोट भरलं, मी नाही बोलणार तर कोण बोलणार? त्या मुलीला म्हटलं, बाई, वजन उचललं की काट्याने शून्यावर यायला पाहिजे. हा येत नाहीये. तर म्हणते, काका, तो तसाच आहे. … तसाच आहे म्हणजे काय? कुणी तरी हात लावायला नको का त्याला? रोज हजार माणसांच्या बॅगा त्याच्यावर चढतात. माझ्या दुकानातून असा काटा बाहेर गेला असता तर मी शटर ओढून घेतलं असतं.

… नाही, तिच्यावर नाही चिडलो. पोरगी चांगली आहे. एकटीच होती. सहा खिडक्या, पाचांवर पाट्या आणि एकीवर ही. रांग पार दारापर्यंत.

… तपासणीत? तिथे तर आणखीच. अगं, ते अर्ध्या किलोचं वजन आहे ना आपलं, पितळी… … हो, आणलंय. हातातल्या पिशवीत. ते त्यांच्या मशीनमध्ये काळं दिसलं. तो गणवेशातला विचारतो, हे काय आहे? म्हटलं, अर्धा किलो. तो म्हणतो, अर्धा किलो काय? म्हटलं, काही नाही, नुसतं अर्धा किलो. … तो परत विचारतो, काका, अर्धा किलो काय? … अगं, मी तरी काय सांगणार? … हस, हस. आज हसून घे, उद्या टाके पडले की हसता यायचं नाही.

मग त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने त्याच्या साहेबाला. तिघं मिळून अर्धा किलो बघत उभे. शेवटी मी सांगितलं, उद्या माझं नातवंड जन्माला यायचंय आणि दवाखान्याचा काटा मला तपासायचाय. … असंच सांगितलं, शब्दाने शब्द. … वेडा समजले असतील. पण सोडलं.

… का म्हणजे? तुझ्या वेळी काय झालं होतं? … शंभर वेळा ऐकलंयस, आता एकशे एक. नर्स म्हणाली दोन किलो शंभर. तुझी आई रडायला लागली, एवढंसं पोर जगायचं कसं. मी तसाच दुकानात गेलो, हेच वजन आणलं, त्यांच्या काट्यावर ठेवलं. दाखवतो दोनशे. तीनशे ग्रॅम खात होता तो. … हां. दोन किलो चारशे होतीस तू. तेव्हा कुठे ती रडायची थांबली. आणि नर्सला म्हणाली, माझ्या मुलीचे तीनशे ग्रॅम तुमच्याकडे राहिले होते. … तिनेच सांगून ठेवलंय मला, ठकूच्या वेळी वजन घेऊन जा. माझी मर्जी नाही ही.

… काय? … काही नाही, स्पीकर आहे. दर दोन मिनिटांनी कुणाला तरी बोलावतात. … कुणाला बोलावतात ते मला काय माहीत? तू जावईबापूंचं सांग. कुठे आहेत? … फॉर्म भरतायत. त्यांना म्हणावं वाचून सही करा. गृहकर्जाला केली तशी नको.

थांब जरा. … इथे कुणीच नाहीये. … अगं, मी गेट दोनपाशी बसलोय. बोर्डावर दोन, पासवर दोन. मघाशी पन्नास माणसं होती, नाडी बांधून वर बघतो तर सगळी गायब. … ओ बाई, हे विमान… … चार? कधीपासून चार? … अहो, बोर्डावर दोनच आहे की. … बरं, बरं. … ठकू, गेट बदललंय. लादी पुसणाऱ्या बाईंनी सांगितलं, नाही तर मी बसलो असतो दोनच्या समोर आरती ओवाळत. सगळी मिळून पाच दारं आहेत यांच्याकडे. पाच. पाच दारं यांना नीट सांभाळता येत नाहीत.

… चालतोय. पळत नाही. … जिना बंद आहे. सरकता जिना, पण सरकत नाही. दोर बांधलाय. वळसा घालून जा म्हणे, अत्तराच्या दुकानातून. … दुकानातूनच रस्ता आहे गं. विमान गाठायला निघालेल्या माणसाला हे बाटल्यांमधून फिरवतात. … नको बाई. नको, मला वास नकोय. मला गेट चार हवंय.

… पुन्हा काय? … ऐकू आलं? काय ऐकू आलं तुला? … नाही गं. तिचं नाव इथे कसं घेतील? … ठकू, तुझी झोप झालेली नाही, हातात सुई, त्यात… … अगं, त्या नावाच्या बायका काय कमी आहेत? …

… आडनावासकट.

… हो.

… हो म्हणतोय ना. तिचंच. आईचंच नाव घेतायत.

… थांब. थांब, आधी पाणी पी. आणि त्या नर्सला सांगू नको काही, उगाच तुझं बीपी बघायला येईल. … चालता चालता सांगतो, वेळ नाहीये. तू तिकिटं काढलीस तेव्हा ती होती की नाही? दोन तिकिटं. खिडकी तिला, मधली जागा मला. … हो, विचारलंस. तीनदा विचारलंस. आणि मी तीनदा सांगितलं, रद्द केलं.

… नाही केलं.

… नाही केलं, ठकू. काय करू? फोन लावला होता. तिकडून यंत्र बोलतंय. रद्द करण्याचं कारण निवडा. तारीख बदलली असेल तर एक दाबा. आजारी असाल तर दोन. इतर कारणासाठी तीन. … तीन दाबायचं होतं मला. माझी बायको इतर. … ठेवून दिला मी फोन. पुन्हा लावला नाही.

… ऐक ना. आज इथे आलो तर दाराशीही यंत्रंच. तिकिटावरचा नंबर टाकला, दोन नावं आली, दोन्हींपुढे चौकोन. माझ्यापुढे टिक केली. मग तिच्यापुढे. … चुकून नाही. तुला खोटं कशाला सांगू, एकदा सांगितलं तेवढं पुरे. जाणूनबुजून केली. निळी बॅग होती ना.

… आईची निळी बॅग. तुला माहीत नाही, मी बोललोच नाही. बाळाचं सगळं आहे त्यात. दुपटी, टोपडी, झबली, तिने शिवलेलं. दवाखान्यात पडून शिवत होती, सुई धरवत नव्हती तरी. … अगं, पुड्या केल्यात तिने. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी. अडीच किलो. साडेतीन किलो. पाच किलो. सात. नऊ. … महिने नाही लिहिले, वजन लिहिलंय. म्हणायची, महिन्यांचा काय भरवसा, पोरं वजनाने वाढतात. … हो ना. माझ्यासोबत राहून बिघडली होती.

माझी बॅग पंधराची, तिची तेराची. एका माणसाला पंधराच नेता येतं. … मग काय ठेवायचं होतं घरी, सांग ना? साडेतीन किलोचं बाळ ठेवू की पाच किलोचं?

… हो, त्या मुलीने विचारलं. दुसरे प्रवासी कुठे आहेत काका? मी म्हटलं, येतेय मागून.

… म्हटलं खरं. … आणि खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. उलट बरं वाटलं. चार महिने झाले, जो भेटतो तो हात दाबतो आणि मान हलवतो. हिने विचारलं, दुसऱ्या कुठे आहेत, जशी काय पाणी भरायला गेलीये ती. … जाऊ दे.

जाऊ दे म्हणजे जाऊ दे नाही. राग कशाचा येतोय माहीत आहे? ते काय बोलतायत ऐक ना. "आपल्यामुळे विमानाला उशीर होत आहे." आपल्यामुळे. म्हणजे तिच्यामुळे. आयुष्यात कधी उशीर केला का त्या बाईने? स्वतःच्या लग्नाला माझ्या आधी येऊन बसली होती. सिनेमाला गेलो तर पडदे झटकणारा माणूस म्हणायचा, वहिनी, जरा बाहेर बसा. तुझ्या शाळेच्या शिपायाला कुलूप उघडताना कुणी बघितलं असेल तर तिने. … अगं, ही बॅग. विमान आजचं आणि बॅग भरून दाराशी ठेवली चार महिने आधी. मी रोज तिला वळसा घालून घरात शिरतोय. … डॉक्टर म्हणाले होते सहा महिने. चारातच आटोपलं तिने. तिथेही दोन महिने आधी. आणि तिला हे म्हणतायत, त्वरित या, तुमच्यासाठी खोळंबलोय. भर विमानतळावर. अब्रू काढतायत तिची.

… हां, आलो, चारला पोचलो. रांग गेली आत. सात-आठ जण उरलेत, त्यांना थांबवून ठेवलंय. … थांब हं.

ओ साहेब. काय म्हणालात? … नाही, परत म्हणा. "असेल कुठे तरी खरेदी करत." तिलाच म्हणालात ना? … तुम्ही ओळखता का त्या बाईंना? … मग गप्प बसा. … हो, मी ओळखतो. … तुमची मीटिंग बुडत असेल तर बुडू दे, आमचंही बरंच बुडलंय. … आवाज तुमचाही चढलाय.

… तुला नाही गं. एक कोटवाला आहे. हातात दोन फोन आणि अक्कल एकाएवढीही नाही. … नाही, मारामारी नाही करत. सरकला तो.

… ऐक, इथे भलतंच झालंय. ती मघाची बॅगांवरची पोरगी, तिला इथे आणलंय. वॉकीटॉकीवाला माणूस तिला झापतोय, तू त्या बाईंना डोळ्यांनी पाहिलं होतंस का? ती म्हणतेय, काका म्हणाले मागून येतायत. … माझ्याकडे पाठ आहे तिची. अजून बघितलं नाही मला.

… अगं, माणूस न चढता त्याची बॅग विमानात जाऊ देत नाहीत म्हणे. … भीती, दुसरं काय. आत काय असेल कुणी सांगावं. म्हणून निळी बॅग शोधतायत. विमानाच्या पोटातून सगळ्या बॅगा उतरवतायत, काचेतून दिसतंय मला. … नाही, माझी आहे आत. परत चढवली. … ती बघ. निळी. उतरवली. … बाजूला ठेवलीये, एकटीच, उन्हात. सगळे लांब जाऊन उभे राहिलेत. … टोपड्यांना घाबरलेत, ठकू.

… सांगतो. … हो गं, सांगतो ना. … आत्ता. एक मिनिट. … काही नाही, उभा आहे. … कशाला थांबलोय?

… मी सांगितलं की ते बोलवायचं थांबवतील.

… हो. … एवढंच आहे.

… ती स्पीकरवरची बाई नाव फार नीट घेते गं. अख्खं. मी कुठे घेतलं कधी? "अगं", "ऐकलंस का", एवढ्यावर सगळा संसार झाला. चार लोकांत हाक मारायची वेळ आली तर नुसता खाकरायचो. इतक्या मोठ्याने तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकतोय. … तुला? … नको गं, तुझ्या अशा अवस्थेत… … बरं. नक्की? … बरं, गप्प राहा. फोन वर धरतो.

…

…

ऐकलंस? … हं. … रडू नको. … बरं, रड थोडं. मी आहे. … नाही, मी ठीक आहे. डोळ्यांत त्या अत्तराच्या दुकानाचं गेलंय काही तरी.

… आता पुरे. ती पोरगी बघ, ओठ चावतेय. तिची नोकरी जायची माझ्यापायी. मी जातो काउंटरवर. तू ठेवू नको. काही बोलू नको, नुसती राहा फोनवर. … हां.

ओ ताई. … हां, तुम्हीच. ते बोलावणं बंद करा. … ते नाव. त्या येणार नाहीत. … नाही, हरवल्या नाहीत. … दुसऱ्या गेटवर पण नाहीत हो. … माझ्या मिसेस त्या. … वारल्या. … आज नाही, आज नाही. घाबरू नका. चार महिने झाले. … हो, पास मी काढला. बॅग मी दिली. या मुलीची काही चूक नाही, तिला मी खोटं सांगितलं. … हो बाळ, मीच तो काका. काट्यावरून भांडलो तोच. … तिला रडायला लावू नका आता. माझं काय ते माझ्यावर टाका. … लिहून देतो. कुठे? … न आलेला प्रवासी. बरं. आणि हे काय? … कारण. … "इतर" वर खूण करू? … नाही. इतर नको. त्या चौकोनावर नाही करणार मी. पेन द्या इकडे. … जागा नाही तर बाजूला लिहितो. … हं. … वाचा. नीट वाचता येतंय ना? … झालं.

… ठकू, आहेस ना? … लिहिलं. … जे झालं तेच लिहिलं. तारखेसकट.

… बंद झालं, हो. … शांत आहे आता. एअर कंडिशनरचा आवाज येतोय नुसता.

… थांब, हा वॉकीटॉकीवाला काही म्हणतोय. … बॅग जाणार नाही म्हणजे काय? … मग माझ्या नावाची चिठ्ठी लावा ना तिला. … अहो, उघडा. इथे उघडा, माझ्यासमोर. मशीनमधून काढा, कुत्रा आणा, हवं तर टोपडं घालून बघा त्याला. … पंचवीस मिनिटं लागतात तर लागू द्या. इतका वेळ नावं घेत बसलात तेव्हा नाही घाई झाली. … परवा? … परवाच्या विमानाने, माझ्या नावावर. … नाही. ते जमायचं नाही. मग माझीही बॅग उतरवा. मीही परवा जातो. … मी शुद्धीवरच आहे. ती बॅग एकटी सोडून मी जाणार नाही. चार महिने सोडली नाही.

… काय गं? … अगं, ऐक ना. तिने हाताने शिवलंय. उद्या त्या बाळाच्या अंगावर पहिलं कापड काय घालणार तू, दवाखान्याचं? शिक्का मारलेलं? … ठकू, मला ते… … हो, कळतंय. … कळतंय. … अगं, पण तिने…

…

… हो.

… नाही, तू बोल. बोल, मी ऐकतोय.

… एवढी घाबरलीयेस? … मग सकाळपासून सांगितलं का नाहीस? … मी काट्याचं सांगत बसलो. खरं आहे. … आईच लागते अशा वेळी, मला माहीत आहे. मी काही तिच्यासारखा नाही. मला डोकं चेपता येत नाही. … नुसता बसू? … बसेन. खुर्ची दे म्हणजे झालं. … बरं. येतो. बॅग राहू दे. मी येतो.

ओ. … अहो, ऐका. माझी बॅग काही उतरवू नका. जातो मी. … ती परवा पाठवा. पण तिच्यावर कुणी पाय देऊन बसायचं नाही, आणि उन्हात ठेवायची नाही. … काय? … आत्ता? … हो, हो, येतो ना. दोन मिनिटंही नको, एकच पुरे.

… ठकू, हा माणूस म्हणतोय, खाली चला, हातात मावेल तेवढं काढून घ्या. … नाही, मघाशी ओरडत होता तोच. … कागद वाचला त्याने. … जिना उतरतोय. लोखंडी आहे, दणदण वाजतोय. … बाहेर आलो. वारा आहे, तुला ऐकू येतंय का? मोठ्याने बोल. … इंधनाचा वास. आणि ऊन. … हो, हीच. … ओ, लांब उभे राहू नका, घाबरायचं काही नाही, या जवळ.

… दोरीने बांधलीये. तिची गाठ आहे. … नाही, कात्री नको. ठेवा ती कात्री. सुटते. तिच्या गाठीला एक टोक ओढायचं असतं. … हे बघा.

… ठकू, किती भरेल म्हणालेत डॉक्टर? … पावणेतीन. त्यांच्या मशीनवर पावणेतीन, म्हणजे खरं किती देव जाणे. … अडीचची घेऊ की साडेतीनची? … अगं, लवकर सांग, विमानाचा पंखा फिरायला लागलाय. … अडीचची सगळ्यात वर आहे. वरच ठेवलीये तिने, आधी लागणार म्हणून. … हे काय? तुम्हीच धरता का? धरा. … हा माणूस म्हणतोय, दोन्ही घ्या, त्याची मुलगी चौथ्या दिवशी मावेनाशी झाली होती. … दोन्ही घेतल्या. … अडीच खिशात. साडेतीन शर्टाच्या आत. … आता मी तपासणीत सापडलो तर विचारतील, हे साडेतीन किलो काय आहे?

… बांध बाबा, तू बांध. मला ती गाठ मारता येत नाही. … साधी मार. चालेल.

… निघालो. चालतोय विमानाकडे. … कोटवाला खिडकीतून बघतोय, बघू दे. … नाही, नाही रागावलो आता. … रागावलोय. काट्याचं पत्र मी लिहिणार आहे. सातशे ग्रॅम म्हणजे काही थोडं नाही. … हो, उद्या दवाखान्याच्या काट्याला माझ्याआधी कुणाला हात लावू देऊ नको. आधी वजन ठेवीन, मग बाळ. … तू झोप आता. आज दुपारी डोळे उघडशील तेव्हा खुर्चीत असेन.

… पायऱ्या चढतोय. फोन बंद करा म्हणतायत. … एक मिनिट हं.

… नाही. मागे कोणी नाही.

… तुला नाही गं. या दारातल्या मुलीने विचारलं, मागून अजून कोणी येतंय का. … सांगितलं ना. … हो. मीच शेवटचा. … ठेवतो.